बोटॉक्स फक्त चेहऱ्यासाठी नसतं: लकवा, आखडलेले हातपाय, वाकडी मान, डोळे मिटणं, मायग्रेन याबद्दल तुम्ही सतत विचारता ते प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सिंधुदुर्गात काम करते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "बोट्युलिनम टॉक्सिन" किंवा नुसतं "बोटॉक्स" लिहून दिलं की घरचे लोक आधी मोबाईलवर शोधतात, तिथे नट्यांचे चेहरे दिसतात, मग घाबरून मला मेसेज येतो. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की आता एका जागी लिहून ठेवतेय. तुमच्या पेशंटला डोस किती, कुठल्या स्नायूत टोचायचं हे डॉक्टर ठरवतात, ते इथे मिळणार नाही. बाकी जे रोज बघते ते सगळं लिहिलंय.

१. बोटॉक्स म्हणजे सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन ना? आमच्या बाबांना लकव्यानंतर कशाला सांगितलंय?

खरं तर उलटं आहे, आजारासाठी हे औषध आधी आलं आणि सुरकुत्यांसाठी नंतर. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट यांना तिरळेपणावर ऑपरेशनशिवाय उपाय हवा होता, डोळा एका बाजूला ओढून धरणारा स्नायू थोडा सैल केला तर डोळा सरळ येईल असा त्यांचा विचार. आधी माकडांवर, मग माणसांवर करून बघितलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि डोळे घट्ट मिटण्याचा आजार या दोन गोष्टींसाठी त्याला मान्यता मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ ची, म्हणजे तब्बल १३ वर्षांनंतरची. बाबांच्या हातापायाचे स्नायू आवळलेत, ते सैल करायला हे सांगितलंय.

२. हे विष आहे म्हणतात, मग ते अंगात कसं काय टोचतात?

हो, विष आहे, लपवण्यात काही अर्थ नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू ते तयार करतो, हवा न लागणाऱ्या खराब अन्नात तो वाढतो. जर्मनीत १८२० च्या सुमाराला युस्टिनुस कर्नर नावाच्या डॉक्टरांनी खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचा बारकाईनं अभ्यास केला, लॅटिनमध्ये सॉसेजला बोट्युलस म्हणतात त्यावरून हे नाव पडलं, आणि अगदी थोड्या प्रमाणात हेच औषध म्हणून चालेल हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

काम कसं करतं? मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो, नसेच्या टोकाला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आवळतो. हे औषध ते रसायन सुटू देत नाही, त्यामुळे निरोप येतो पण स्नायूला पोचत नाही. ते जिथे टोचलं तिथेच मुख्यतः काम करतं, आणि मात्रा नॅनोग्रॅममध्ये असते, ग्रॅमचा अब्जावा भाग. म्हणूनच बाटलीबद्दल लोकांचा गैरसमज होतो, तो प्रश्न १० मध्ये.

३. नक्की कुठल्या कुठल्या आजारांत देतात?

स्ट्रोक किंवा डोक्याला मार लागल्यानंतर आखडलेले हातपाय, सेरेब्रल पाल्सी म्हणजे सीपीची मुलं (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा नसतो ती), मान आपोआप एका बाजूला वळणं, डोळे घट्ट मिटणं, अर्धा चेहरा फडफडणं, तिरळेपणा, जुनाट मायग्रेन, लघवीवर ताबा न राहणं, अति घाम, पार्किन्सनमध्ये किंवा सीपीत सतत लाळ गळणं, लिहायला बसलं की बोटं वाकडी होणं, बोलताना आवाज तुटणं. काही वेळा अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नसेल तर, किंवा जुन्या फिशरमध्येसुद्धा देतात. सगळ्यांत समान धागा एकच, कुठलातरी स्नायू नाहीतर ग्रंथी नको इतकं काम करतेय.

मान वळण्याबद्दल एक सांगायचंच आहे. ह्या पेशंटनी हनुवटीला नुसतं बोट टेकवलं तरी मान थोडा वेळ सरळ होते, आणि घरातले म्हणतात बघा, बोट लावलं की बरी होते, म्हणजे नाटक आहे. नाटक नाही हो. ही ह्या आजाराची ओळखीची खूण आहे, डॉक्टर मुद्दाम विचारतात. गाऱ्हाणी घालून, देवस्कीच्या नावाखाली वर्षं घालवून मग आलेले लोक बघितले की फार वाईट वाटतं.

४. आवशीचो हात घट्ट मिटलेलो आसा, सुई मारल्यार उघडतलो काय?

उघडू शकतो, पण "उघडतो" म्हणजे काय हे समजून घ्या. स्ट्रोकनंतर दोन वेगळ्या गोष्टी होतात, एक म्हणजे ताकद जाते आणि दुसरी म्हणजे काही स्नायू ताठ आवळून बसतात. इंजेक्शन फक्त दुसरीवर काम करतं. गेलेली ताकद त्यानं परत येत नाही, त्यामुळे "इंजेक्शन दिलं की आई भाकरी थापायला लागेल" असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग उपयोग काय? मागच्या पावसात एका आजींकडे घरी गेले होते. सून म्हणाली हाताला वास येतो, धुवायलाच देत नाहीत. मी मनगट आधी खाली वाकवलं (तसं केलं की बोटं जरा सैल पडतात, सरळ बोटं ओढायला जाऊ नका) आणि एकेक बोट करत मूठ उघडली. नखं तळव्यात रुतून चार चंद्रकोरी उमटलेल्या, आतली कातडी भिजून पांढरी पडलेली, बोटांच्या बेचक्यात बुरशी. आजी ओरडत नव्हत्या, नुसतं डोळ्यातून पाणी. त्यांना इंजेक्शन दिल्यावर तीन आठवड्यांनी सुनेनं सांगितलं, रोज साबण लावून हात धुते, नखं कापली, बांगडी चढवता येते. हात कामाला लागला नाही, पण तो हात परत त्यांचा झाला. माझ्या मते हा मोठा फायदा आहे आणि हे उद्दिष्ट आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवं.

आणि व्यायाम. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते. इंजेक्शननं तुम्हाला साधारण तीन महिने मिळतात ज्यात स्नायू ताणू देतो. त्या तीन महिन्यांत रोज स्ट्रेचिंग, रात्रीची पट्टी म्हणजे स्प्लिंट, हात वापरायचा सराव केला नाही तर औषध उतरतं आणि हात जिथे होता तिथे परत जातो, पैसे समुद्रात.

५. आमचा मुलगा सीपीचा आहे, चवड्यावर चालतो. किती वयात देतात?

साधारण दोन वर्षांच्या पुढे देतात, आणि लहानपणी म्हणजे सांधे आखडून बसायच्या आधी दिलं तर जास्त उपयोग होतो. टाच टेकत नसेल तर पोटरीच्या स्नायूत देतात, त्यानंतर कधी काही आठवडे प्लास्टर आणि मग बुटात घालायची पट्टी. मुलं घाबरतात म्हणून आधी सुन्न करायचं मलम लावतात नाहीतर थोडं झोपेचं औषध देतात. पट्टी वापरली जात नाही ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे, "त्याला आवडत नाही" म्हणून ती कपाटावर पडून असते. आवडत नाही हे खरंच, पण घासत असेल, टोचत असेल तर परत आणा, आम्ही दुरुस्त करून देतो.

जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मुलाची नोंद करून घ्या, आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे.

६. माझा डोळा महिनाभर लवतोय, हेच इंजेक्शन घ्यावं लागेल का?

बहुतेक नाही. एका पापणीचा कोपरा बारीक फडफडतो, शकुन-अपशकुन म्हणून आपण ज्याची चर्चा करतो, तो जागरण, ताण, जास्त चहा यानं होतो आणि आपला आपण जातो. इंजेक्शन लागतं ते वेगळं: दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटतात, उन्हात किंवा गाडी चालवताना उघडतच नाहीत, नजर उत्तम पण माणूस आंधळ्यासारखा चाचपडतो. किंवा एका बाजूचा डोळा आणि गाल आणि ओठ एकदम ओढले जातात, ह्यात बऱ्याचदा चेहऱ्याच्या नसेवर मेंदूतली रक्तवाहिनी टेकलेली असते म्हणून एमआरआय सांगतात. दोन्हीत अगदी थोडं औषध लागतं आणि फायदा चांगला होतो. कधी पापणी काही आठवडे खाली पडते किंवा डोळा कोरडा होतो, थेंब देतात, जातं.

७. मायग्रेन आहे, महिन्यातून तीन-चार वेळा होतं. घेऊ का?

ह्यासाठी हे नाही. जुनाट मायग्रेन म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं आणि त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनचे, त्यांच्यासाठी २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे अशा ३१ जागी मिळून १५५ युनिट (युनिट म्हणजे हे औषध मोजायचं माप) देतात, दर १२ आठवड्यांनी. एकाच खेपेत निकाल लावू नका, दोन-तीन खेपांनंतर खरं कळतं. आणि आधी डायरी ठेवा, कुठल्या तारखेला दुखलं, किती गोळ्या घेतल्या, कारण रोज गोळ्या खाऊनच डोकं दुखत असेल तर उपाय वेगळा आहे.

८. झाडावरून पडून मणक्याला मार लागलाय, लघवी कपड्यात होते. ह्याचा उपयोग होतो का?

होतो, आणि हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे कारण माड, पोफळी, आंब्यावरून पडलेली तरुण मुलं मी खूप बघितलीत. मूत्राशय भरायच्या आधीच जोरात आकुंचन पावतं म्हणून कपड्यात होते आणि तो दाब उलटा किडनीपर्यंत गेला तर किडनी खराब होते. दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत ३० जागी मिळून २०० युनिट देतात. मणक्याचा आजार नसताना सतत घाईची लघवी होते त्यांना १०० युनिट, तेही आधी गोळ्या वापरून झाल्यावर. फायदा सहा-नऊ महिने टिकतो.

अट एकच, मूत्राशय सैल झाल्यावर लघवी तुंबू शकते, त्यामुळे स्वतः नळी घालून लघवी काढायची तयारी हवी, आणि त्यावेळी लघवीत जंतुसंसर्ग नको. नळीची लाज वाटते, माहीत आहे. पण दोन दिवसांत शिकता येतं आणि त्यानंतर मुलं दुकान चालवतात, लग्नाकार्याला जातात.

९. फरक कधी दिसतो, किती टिकतो, आणि सवय लागते का?

दोन-तीन दिवसांपासून आठवडाभरात सुरुवात, दोन ते चार आठवड्यांत पूर्ण परिणाम, मग साधारण तीन-चार महिने (मूत्राशय आणि काखेतला घाम यात जास्त). नसेला नवे फाटे फुटतात, जुनं टोकही हळूहळू कामाला लागतं, त्यामुळे परिणाम उतरतो. दारू-तंबाखूसारखी सवय अजिबात लागत नाही. मात्र घाईनं, तीन महिन्यांच्या आत परत परत घेतलं तर शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं आणि औषध लागू पडेनासं होतं, म्हणून "जरा लवकर द्या ना" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

१०. औषध कोल्हापूरहून आणलं, घाटात दोन तास अडकलो, घरी आलो तर लाईट नाही. चालेल का? आणि बाटली रिकामीच दिसतेय!

रिकामी दिसते हे बरोबर आहे, फसवलेलं नाही. औषध इतकं थोडं असतं की तळाशी फक्त धुकं बसल्यासारखा पातळ थर दिसतो, कधी तोही नाही. त्यात डॉक्टर सलाईन घालतात तेव्हा आतल्या निर्वातामुळे सलाईन आपोआप ओढलं जातं, बऱ्याच ब्रँडमध्ये तसं ओढलं गेलं नाही तर ती बाटली वापरत नाहीत. एकदा कालवलं की २४ तासांच्या आत वापरायचं.

थंडपणाचं मात्र गंभीर आहे. बहुतेक ब्रँड २ ते ८ अंशात ठेवावे लागतात. थर्मासचा किंवा थर्माकोलचा डबा, आत बर्फाचे पॅक, बाटली कागदात गुंडाळून, असं आणा. घरी फ्रीजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाते, २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगडकडे किती दिवस अंधार होता आठवा. म्हणून माझा सल्ला, औषध घरी ठेवूच नका, इंजेक्शनच्या दिवशीच थेट दवाखान्यात पोचवा, शक्यतो तिथूनच घ्या. गरम झालं असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. एका पेशंटच्या भावानं भीतीनं सांगितलं नाही, इंजेक्शन दिलं, काहीच झालं नाही, आणि पुढचे तीन महिने सगळे डोस कमी पडला की काय यावरच विचार करत बसलो.

११. दुसऱ्या कंपनीचं स्वस्त मिळतंय, तेवढेच युनिट घेऊ का?

नाही! प्रत्येक कंपनीचं युनिट वेगळं मोजलेलं असतं. बोटॉक्स हे एका ब्रँडचं नाव, डिस्पोर्ट हा दुसरा ब्रँड; बोटॉक्सचे १०० युनिट आणि डिस्पोर्टचे १०० युनिट म्हणजे एकच नव्हे. ब्रँड बदलायचा तर डॉक्टर डोस नव्यानं ठरवतील. प्रत्येक वेळी ब्रँड, युनिट, बॅच नंबर फाईलमध्ये लिहून घ्या, बॉक्सचा फोटो काढला तरी चालेल.

१२. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, बंद करायची का?

स्वतःहून बंद करू नका, दुसरा स्ट्रोक यायचा. सुई बारीक असते, टोचल्यावर थोडा जास्त वेळ दाबून धरतात. कुठली गोळी ते सांगा, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ती तपासणी) तपासायला लावत असतील तर ताजा रिपोर्ट न्या.

१३. कोणी घेऊ नये? आणि नंतर काय झालं तर घाबरायचं?

मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर दमण्याचा आजार) असलेल्यांना सहसा देत नाहीत, संध्याकाळपर्यंत पापण्या पडतात, जेवताना जबडा दमतो, दोन-दोन दिसतं असं काही असेल तर आधी सांगा. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, टोचायच्या जागी गळू किंवा जखम असेल तरी सांगा. जेंटामायसिन, अमिकासिन अशी अँटिबायोटिक इंजेक्शनं चालू असतील तर औषधाचा परिणाम वाढू शकतो. गावातल्या डॉक्टरांनी तापासाठी काय टोचलं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, विचारून चिठ्ठीवर घ्या.

जागा दुखणं, दोन दिवस कणकण, टोचलेला भाग जास्त ढिला वाटणं हे होतं. पण गिळताना अडकणं, आवाज घोगरा किंवा नाकातून येणं, श्वासाला त्रास, सगळ्या अंगात अशक्तपणा, हे काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही झालं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करा आणि हे इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. मानेत आणि लाळेसाठी घेतलेल्यांनी गिळण्याकडे विशेष लक्ष द्या, पहिले काही आठवडे काटेवाले मासे आणि कोरडा भात जपून.

१४. नंतर तेलानं मालिश करू का?

त्या जागेवर एक-दोन दिवस रगडा नको. आंघोळ, चालणं, हलके स्ट्रेचिंग चालतं.

१५. हाताला घाम येतो, पेपर भिजतो, नोकरीत अडचण. दमट हवेमुळे असेल का?

आपल्या हवेत घाम सगळ्यांनाच येतो, पण पंख्याखाली, जानेवारीतसुद्धा तळव्यातून थेंब टपकत असतील तर तो आजार आहे. आधी अल्युमिनियम क्लोराईडचं औषध, मग पाण्यातून सौम्य करंट देणं, त्यानंतर इंजेक्शन. काखेत छान काम होतं. तळव्यात दुखतं आणि पकड काही आठवडे कमी होऊ शकते, म्हणून जाळी ओढणाऱ्या, कोयता चालवणाऱ्या माणसानं हंगाम बघून ठरवावं.

१६. कोकणात कुठे मिळतं आणि खर्च किती?

हे देणारे प्रशिक्षित डॉक्टर मोजके आहेत. आमच्याकडचे लोक गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला किंवा कोकणकन्या पकडून मुंबईला जातात. निघायच्या आधी त्या विभागाच्या ओपीडीचा वार विचारा. हातापायासाठी सोनोग्राफी किंवा ईएमजी (स्नायूतले विजेचे संकेत टिपणारं यंत्र) लावून टोचतात का हेही विचारा, कारण पुढच्या हातात बोटांचे स्नायू एकमेकांना चिकटून असतात, चुकून शेजारचा ढिला झाला तर मधलंच बोट उठत नाही.

खर्च युनिटवर ठरतो. डोळ्याला थोडं लागतं, ५० युनिटची छोटी बाटलीही मिळते, पण मोठ्या माणसाच्या हातापायाला मिळून दोन ते चार बाटल्या, १०० युनिटच्या, लागू शकतात. म्हणून "इंजेक्शनचे किती" असं न विचारता "बाटल्या किती, डॉक्टरांची फी किती, पुढच्या फिजिओचं काय" असं विचारा. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

१७. घेतलं पण काडीचाही फरक नाही. असं का?

डोस कमी, चुकीचा स्नायू, औषध गरम झालेलं (प्रश्न १०), अँटिबॉडी (प्रश्न ९), आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे उशीर. स्नायू वर्षानुवर्षं आखडून आखूड झाला, सांधा गोठला, की सैल करायला काही उरत नाही. घरी एक बघता येतं, माणूस गाढ झोपलेला असताना मूठ थोडीतरी सैल पडते का? पडत असेल तर आशा आहे. दगडासारखीच राहत असेल तर बहुधा प्लास्टर किंवा ऑपरेशनचा विचार लागेल.

१८. पायातला ताठरपणा गेला पण आता बाबा उभेच राहू शकत नाहीत, हे काय झालं?

हे होतं, आणि माझ्या एका पेशंटच्या बाबतीत झालंय. पाय ताठ होता पण त्याच ताठ पायावर ते उभे राहायचे, काठी घेऊन पडवीपर्यंत जायचे. ताकद त्या पायात नव्हतीच, ताठरपणा खांबासारखा आधार देत होता. मी पोटरी आणि मांडी दोन्ही घट्ट आहेत असं लिहून पाठवलं, उभं कसं राहतात ते लिहिलं नाही. इंजेक्शननंतर गुडघा दुमडायला लागला. तीन महिने वॉकर, गुडघ्याला पट्टी आणि मांडीचे व्यायाम करून घेतले, औषध उतरल्यावर ते परत उभे राहिले, पण त्या तीन महिन्यांत ते एकदा न्हाणीत पडले.

तेव्हापासून मी पेशंटचा उठण्याचा, उभं राहण्याचा, पायरी चढण्याचा छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवते. तुम्हीही काढा, घरातल्या उंबरठ्यावर, चपलेसह आणि चपलेशिवाय, आणि इंजेक्शन ठरवायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.